चौथ्या पट्ट्यातले किंग्लेट

वेंडेल टीग धडधडीत खोटं बोलतो, याबद्दल व्हर्ना कोप्कोच्या मनात आता तिळमात्र शंका नव्हती. हवा होता तो फक्त पुरावा, आणि तो आज मिळणार होता. त्यासाठी तिनं चर्चच्या गायकवृंदाचं रेकॉर्डर आणलं होतं. यंत्र कोटाच्या आतल्या खिशात, वायर मफलरखालून, आणि शेंगदाण्याएवढा माइक लोकरी टोपीच्या घडीत. गायकवृंदाची वस्तू अशा कामाला वापरावी का, हा प्रश्न तिला पडला होता. पण खोटारडेपणा उघडा पाडायला देवाची ना नसावी, असं म्हणून तिनं तो मिटवला होता.

सकाळचे साडेसात वाजले होते. कॉनर्स बेंडच्या जुन्या स्टेशनापाशी ती बुटांच्या नाड्या आवळत उभी होती. टॅनर नदीवर धुकं होतं आणि काठाला बर्फाची कड धरली होती. इथले रूळ उखडून तीस वर्षं झाली, खडी दाबून पायवाट झाली, बाकं आली, उन्हाळ्यात सायकलवाले येऊ लागले, तरी गावात तिला सगळे अजून 'लाईन'च म्हणतात.

नाताळच्या आधीचा शनिवार म्हणजे पक्षी मोजायचा दिवस. आसपासच्या मुलखाचे सात पट्टे पाडलेले. प्रत्येक पट्ट्यात दोघंतिघं हिंडायचे, दिसेल किंवा ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी लिहायचे आणि संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवायला जमायचे. तिथे व्हर्ना एकेका पक्ष्याचं नाव पुकारायची आणि प्रत्येक पट्टा आपला आकडा सांगायचा. फोटो नको, साक्षीदार नको, माणसाचा शब्द पुरे. आणि ज्याच्या शब्दावर भरवसा नसेल, त्याच्या आकड्यावर व्हर्ना लाल पेन्सिलीनं काट मारायची. सव्वीस वर्षं ती या मोजणीची मुख्य होती. त्या पेन्सिलीला कुणी कधी उलट बोललं नव्हतं.

बोलणार तरी कोण? व्हर्नाचे कान म्हणजे पंचक्रोशीत चर्चेचा विषय. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. मागे चाळीस पोरं कालवा करतायत, खाली इंजिन धडधडतंय, आणि ही उघड्या खिडकीतून ऐकून सांगायची की डाव्या हाताच्या झाडीत कोणता पक्षी आहे आणि तो नर की मादी. व्हर्नानं ऐकला म्हणजे होता, आणि तिनं ऐकला नाही म्हणजे नव्हता. इतकं सोपं होतं सगळं.

"आज थंडी कडक आहे हं," आर्डिथ हात चोळत आली. आर्डिथ शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तीस वर्षं या दोघी चौथा पट्टा, म्हणजे लाईनचे नऊ मैल, बरोबर चालत आल्या होत्या. "थर्मास आणलास ना? की याही वर्षी माझ्याच कॉफीवर डोळा?"

"तुझ्या कॉफीला कॉफी म्हणायला हिंमत लागते," व्हर्ना म्हणाली. "तुझे ते पाहुणे कुठे राहिले?"

"माझे कसले? मोजणीचे पाहुणे."

व्हर्नानं नुसतं नाक मुरडलं. तेवढ्यात वेंडेल आलाच. सत्तरीचा, सडपातळ, ओहायोत चाळीस वर्षं पोस्टात टपाल लावत बसलेला, बायको गेल्यावर इकडे बहिणीजवळ राहायला आलेला. तो कुणाशीही बोलताना टोपी काढायचा. व्हर्नाला हे पहिल्या दिवसापासून खटकलं होतं. एवढं सभ्य असायचं माणसाला कारण काय?

"शुभ सकाळ, व्हर्ना. तुम्ही पुढे चला, आम्ही मागून येतो," तो म्हणाला.

आम्ही. व्हर्नानं तो शब्द नीट ध्यानात ठेवला आणि खिशात हात घालून रेकॉर्डरची कळ दाबली.

भानगड होती ती किंग्लेटची. किंग्लेट म्हणजे अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर पिवळी पट्टी. हेमलॉक या उंच सूचिपर्णी झाडाच्या शेंड्याला पानांत दडून असतो, त्यामुळे सहसा दिसत नाही, मोजायचा तो कानानं. आवाज अगदी बारीक, सी-सी-सी असा. आणि या भागात उंच हेमलॉक आहेत ते फक्त चौथ्या पट्ट्यात, लाईनच्या वरच्या उतारावर. एके काळी व्हर्ना इथे चाळीस-पंचेचाळीस किंग्लेट मोजायची. मग झाडांना पांढरी कीड लागली. पुढच्या वर्षांचे आकडे तिला पाठ होते: एकेचाळीस, तीस, सतरा, पाच, आणि त्यानंतर गेली चार वर्षं शून्य. तिनं त्यावर लेख लिहिला. लाईनच्या समितीनं सहाव्या मैलावर एक फलक लावला, त्यावर तिच्या आकड्यांची उतरती रेघ काढली आणि खाली लिहिलं की हेमलॉक संपताहेत, इथले किंग्लेट गेले.

आणि वेंडेल टीग नावाचा माणूस पहिल्याच मोजणीला येतो काय आणि सांगतो काय, तर किंग्लेट तेहेतीस! व्हर्नानं काट मारली. दुसऱ्या वर्षी एकोणचाळीस. पुन्हा काट. दिसला एकही नव्हता, सगळे म्हणे 'ऐकले'. आणि गंमत अशी की काट मारल्याचं कळूनही हा माणूस ब्र काढत नाही. व्हर्नाला सगळ्यात जास्त हेच डाचत होतं. खरा माणूस भांडला असता, टेबलावर मूठ आपटली असती. हा टोपी काढून म्हणाला होता, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." कुठेतरी पाणी मुरत होतं.

यंदा मात्र काट मारून भागणार नव्हतं. यंदा ती सगळ्यांसमोर त्याला मोजणीतून काढणार होती. खोटा पक्षी एकदा यादीत शिरला की खऱ्या पक्ष्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही, असं ती मानायची, आणि सव्वीस वर्षांची यादी हीच तिची आयुष्याची कमाई होती.

पहिले दोन मैल सरळ गेले. नदीत बदकं, पलीकडच्या काठावर एक गरुड, तारेवर खंड्या. चिकडींचा एक थवा कलकलत गेला, तो तिनं न बघताच मोजला, चौदा. कान जागेवर आहेत म्हणून तिला बरं वाटलं.

"अगं, जरा दम खाऊ दे," आर्डिथ एका जुन्या ओकखाली थांबली.

"आत्ताच? दोनच मैल तर झालेत!"

"गुडघे कुरकुरतायत. तू बघ ना तोवर वर, काही आहे का."

हल्ली हे फार वाढलं होतं. आर्डिथ पूर्वी घोड्यासारखी चालायची, आता अर्ध्या अर्ध्या तासाला कुठल्या तरी झाडाखाली बसायची. व्हर्नाला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. तिनं मान वर केली, तर खोडावर क्रीपर, बोटभर करडा-तपकिरी पक्षी, सरपटत वर चढत होता, सालीशी इतका एकरूप की दुसऱ्या कुणाला दिसला नसता.

"क्रीपर!" ती म्हणाली. "मघाशी मला वाटलंच, आवाज आला म्हणून."

"तुझे कान म्हणजे बाई!" आर्डिथ म्हणाली आणि लगेच उठली. गुडघे बरे झाले असावेत.

तिसऱ्या मैलापासून हेमलॉक सुरू झाले. व्हर्ना कान टवकारून चालत होती. खाली नदीची खळखळ, बुटांखाली बर्फाची करकर, बाकी चिडीचूप. आणि तेवढ्यात मागून वेंडेलचा आवाज आला.

"किंग्लेट. सहा."

व्हर्ना गर्रकन वळली. "कुठे?"

"वर, त्या शेंड्यांत."

"वर म्हणजे कुठे? देवाघरी?"

वेंडेल जरासा हसला. "तुम्हाला नको असतील तर नका लिहू."

"मी पक्षी हवे-नको असे लिहीत नाही, टीगसाहेब. असले तर लिहिते." तिनं दुर्बीण लावली. दहा मिनिटं मान मोडेस्तोवर वर बघत राहिली. हिरवा काळोख आणि त्यातून गळणारा बर्फाचा चुरा, दुसरं काही नाही. "आर्डिथ, तू ऐकलेस?"

आर्डिथ थर्मासचं झाकण फिरवत होती. ते झाकण उघडायला एवढा वेळ कधी लागत नाही. "माझं लक्ष नव्हतं गं," ती म्हणाली.

मग सूर्य डोंगरावरून आला आणि तिघांच्या सावल्या पुढे बर्फावर पडल्या. तेव्हा व्हर्नाला ते दिसलं. मागच्या दोन सावल्यांपैकी उंच सावलीनं हात वर केला. चार बोटं. बुटक्या सावलीनं मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा हात, तीन बोटं, पुन्हा मान.

खोटं बोलणारा एकटा नव्हता तर! आर्डिथही सामील होती. तीस वर्षांची मैत्रीण, जिच्या नवऱ्याच्या आजारपणात व्हर्ना सात महिने रोज डबा घेऊन गेली, ती त्या परक्या माणसाला पाठीमागून खुणा करत होती. का? व्हर्नानं मनातल्या मनात हिशेब लावला. तो विधुर, ही विधवा. रविवारी चर्चनंतर दोघं पॅनकेक खायला जातात हे तिला कळलं होतं, पण ते तिनं मनावर घेतलं नव्हतं. आता एकेक गोष्ट जुळायला लागली. माणूस प्रेमात पडला की त्याला किंग्लेट काय, शेंड्यावर मोरही दिसेल.

पाचव्या मैलावर बोगदा आहे. व्हर्ना मुद्दाम झपाझप पुढे गेली आणि बाहेरच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभी राहिली. त्या बोगद्यात कुणी नुसतं पुटपुटलं तरी आवाज भिंतींवरून घरंगळत येतो. आर्डिथ विसरली असावी.

"आज सांगून टाकू या तिला," वेंडेल म्हणत होता.

"आज नको. नाताळ तर होऊन जाऊ दे."

"आर्डिथ, हे बरोबर नाही. दोन वर्षं झाली. आज ना उद्या तिला कळणारच."

"मला धीर होत नाही हो. ती मोडून पडेल."

मोडून पडेल! व्हर्नाला हसावं की रडावं कळेना. खुशाल लग्न करा म्हणावं, मी कशाला मोडून पडते? पण डोळे मात्र भरून आले होते. ते तिनं मफलरला पुसले आणि दोघं बाहेर आल्यावर म्हणाली, "किती रेंगाळता! दुपार व्हायची वेळ आली."

लोखंडी पुलापाशी पट्टा संपला तेव्हा दोन वाजले होते. वेंडेलच्या वहीत किंग्लेट सदतीस, व्हर्नाच्या वहीत शून्य.

घरी आल्या आल्या तिनं कोटही न काढता रेकॉर्डर टेबलावर ठेवलं. पावलांची करकर, आर्डिथचं गुडघेपुराण, चिकडींची कलकल. चिकडी तर इतक्या स्वच्छ आल्या होत्या की पुन्हा चौदा मोजता आल्या. लांबचा डोमकावळासुद्धा आला होता. म्हणजे यंत्र उत्तम होतं. मग हेमलॉकचा भाग आला. नदी, पावलं, आणि त्या शांततेत वेंडेलचा आवाज, "किंग्लेट. सहा." त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. तिनं तो तुकडा पाच वेळा ऐकला, कान यंत्राला लावून ऐकला. काही नाही म्हणजे काही नाही. तिनं कागदावर वेळ टिपली, पेन्सिलीला टोक केलं आणि बऱ्याच दिवसांनी ती पोटभर सूप प्यायली.

साडेपाचला हॉल भरला होता. तीसेक माणसं, मोठमोठी भांडी, कोबी-शेवयांची हालुश्की, राजम्याची तिखट चिली, मक्याचा पाव. थंडीनं लाल झालेली नाकं आणि दिवसभराच्या बढाया. निम्मी माणसं व्हर्नाच्या बसमधून शाळेला गेलेली, त्यामुळे ती उभी राहिली की आपोआप सगळे गप्प व्हायचे. ती नावं पुकारत गेली, पट्टे आकडे सांगत गेले. बदकं झाली, सुतार झाले, घुबडं झाली.

"किंग्लेट," ती म्हणाली आणि थांबली. "पट्टा एक?"

"शून्य."

"दोन?"

"दोन. दफनभूमीतल्या पाइनमध्ये," दुसऱ्या पट्ट्याच्या बाई म्हणाल्या.

"तीन?" "शून्य." "चार?"

वेंडेल उभा राहिला. "सदतीस."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. हा तिसऱ्या वर्षाचा तमाशा सगळ्यांना ठाऊक होता.

"गेली दोन वर्षं मी या आकड्यावर काट मारली," व्हर्ना म्हणाली. तिनं टेबलाची कड धरली. "काहींना वाटलं असेल, व्हर्ना म्हातारी झाली, हेकेखोर झाली. म्हणून यंदा मी पुरावा आणलाय. आज सबंध दिवस माझ्या टोपीत माइक होता. टीगसाहेबांनी जिथे जिथे किंग्लेट 'ऐकले', तिथे तिथे तोही ऐकत होता."

आर्डिथ ताडकन उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "व्हर्ना, नको. माझं ऐक, हे लावू नकोस."

"का गं? तुझंही नाव निघेल म्हणून?"

"घरी बोलू आपण. मी पाया पडते तुझ्या."

"बोगद्यात बोललीस तेवढं पुरे झालं," व्हर्ना म्हणाली आणि तिनं यंत्राची वायर हॉलच्या मोठ्या भोंग्याला जोडली.

नदीची खळखळ हॉलभर पसरली. पावलांची करकर. मग पावलं थांबली. शांतता. आणि वेंडेलचा आवाज: "किंग्लेट. सहा."

व्हर्नानं यंत्र बंद केलं. "ऐकलंत?" ती विजयानं म्हणाली. "काय होतं तिथे? सांगा, काय होतं? काही नव्हतं!"

तिला वाटलं, वेंडेलची लाज वाटून सगळे गप्प आहेत. पण कुणी वेंडेलकडे बघतच नव्हतं. पहिल्या पट्ट्याचा बर्नी सोबोल, जो तिच्या बसमध्ये रोज शेवटच्या बाकावर दंगा करायचा आणि आता पन्नाशीचा होता, तो ताटलीतल्या शेवयांकडे बघत होता. त्याच्या बायकोनं हात तोंडावर ठेवला होता. दफनभूमीवाल्या बाईंचे डोळे ओले होते. सगळ्या हॉलमध्ये एकही माणूस तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

"काय झालं?" व्हर्नानं विचारलं. "असे काय बसलात सगळे?" तिनं पुन्हा यंत्र सुरू केलं, आवाज वाढवला. नदी गरजली. वेंडेल गरजला. बर्नीनं डोळे गच्च मिटून घेतले, कानात काहीतरी टोचल्यासारखं.

वेंडेल पुढे आला, टोपी हातात घेऊन. "व्हर्नांचं बरोबर आहे," तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिथे काही नाही. मी थापा मारल्या. मला मोठेपणा हवा होता. काट मारा, व्हर्ना, आणि मला मोजणीतून काढून टाका. पुढच्या वर्षी मी येणार नाही."

हेच तर तिला ऐकायचं होतं. दोन वर्षं ती याची वाट बघत होती. मग बरं का वाटेना? आर्डिथ हुंदके का देत होती? आणि या माणसाच्या चेहऱ्यावर पकडला गेल्याची भीती का नव्हती? तो तिच्याकडे असा बघत होता, की तिला तिचा नवरा गेला त्या दिवशीचे दवाखान्यातले डॉक्टर आठवले.

"बर्नी," ती हळूच म्हणाली. "वर बघ. बसमध्ये मला कधी खोटं सांगितलंस तर मी काय करायची?"

"घरापर्यंत चालत पाठवायचात," बर्नी पुटपुटला.

"या भोंग्यातून तुला काय ऐकू आलं?"

बर्नीनं बायकोकडे पाहिलं, आर्डिथकडे पाहिलं. "व्हर्नाबाई... सगळीकडे किंग्लेटच आहेत. नुसता गजर चाललाय."

व्हर्ना खुर्चीवर बसली. चिकडी तिला ऐकू येत होत्या, डोमकावळा येत होता, माणसं येत होती. फक्त तो वरच्या पट्टीतला, बारीक आवाज तिच्या कानांतून निघून गेला होता आणि जाताना सांगून गेला नव्हता. एकेचाळीस, तीस, सतरा, पाच, शून्य. ती पक्ष्यांची मोजदाद नव्हतीच.

"कधीपासून माहीत होतं तुला?" तिनं आर्डिथला विचारलं.

"पहिली दोन वर्षं मला वाटलं, माझेच कान वाजतायत," आर्डिथ रडत म्हणाली. "तू नाही म्हणालीस म्हणजे नसणारच, नाही का? मग वेंडेल आला आणि त्यालाही ऐकू आले. तेव्हा कळलं. मी त्याला गप्प बसवलं गं, त्याचा काही दोष नाही. क्रीपरचाही आवाज तसलाच बारीक, म्हणून तो आला की मी त्याच्या झाडाखाली बसायचे, म्हणजे तू वर बघशील. पण किंग्लेट शेंड्यावरून खाली येतच नाहीत, त्यांचं मी काय करणार?"

"म्हणजे तुझे गुडघे..."

"ठणठणीत आहेत."

"लबाड बाई," व्हर्ना म्हणाली. तिला भयंकर राग आला होता. तो आर्डिथवर होता, स्वतःवर होता, त्या निमूट टोपी काढणाऱ्या माणसावर होता, ज्यानं दोन वर्षं खोटारडा म्हणवून घेतलं आणि आत्ता तीस माणसांसमोर उरलंसुरलं नावही तिच्या पायाशी टाकलं. शरमेनं तिचे गाल भाजत होते. पळून जावंसं वाटत होतं. पण यादी अर्धी राहिली होती, आणि अर्धी यादी टाकून ती कधी उठली नव्हती.

ती उभी राहिली. "पट्टा चार, किंग्लेट," तिनं पुकारलं. "टीगसाहेब, आकडा."

"शून्य," वेंडेल म्हणाला.

"मला दया नको, आकडा हवाय."

वेंडेलनं घसा साफ केला. "सदतीस."

तिनं सदतीस लिहिलं. मग जुन्या वर्षांची फाईल उघडली आणि लाल पेन्सिल घेतली. वेंडेलच्या तेहेतीस आणि एकोणचाळीसवरच्या काटा खोडल्या. त्यानंतर तीसवर काट मारली, सतरावर मारली, पाचवर मारली, चारही शून्यांवर मारली. प्रत्येक काटेशेजारी कारण लिहायचा नियम होता. तिनं लिहिलं, 'मोजणाऱ्याला ऐकू येत नाही', आणि खाली सही केली. तिच्या हाताखाली कागद खरखरत होता तेवढाच काय तो आवाज हॉलमध्ये होता. मग तिनं पुढचा पक्षी पुकारला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण तिघांपैकी कुणीही चर्चला गेलं नाही. सकाळी व्हर्नानंच फोन करून दोघांना स्टेशनापाशी बोलावलं. ती आर्डिथशी बोलत नव्हती, म्हणजे बोलत होती, पण फक्त कामापुरतं. वेंडेलला ती इतकंच म्हणाली, "टोपी घाला. सर्दी होईल."

रात्री इतकी थंडी पडली होती की हेमलॉकच्या शेंड्यांवर बर्फाचं कवच बसलं होतं. चौथ्या मैलापाशी वेंडेल थांबला, आर्डिथ थांबली. दोघांनी एकदम बोट दाखवलं. या वेळी वर नाही, तर समोर, नदीकडच्या खालच्या फांद्यांत. कडाक्यानं ते खाली उतरले होते.

व्हर्नानं दुर्बीण लावली. पानांत काहीतरी फुरफुरलं. मग फांदीच्या टोकाला एक किंग्लेट उलटा लटकला, डोक्यावरची पिवळी पट्टी लखलखीत. पाठोपाठ आणखी एक, आणि खालच्या अंगाला तिसरा. किती वर्षांनी बघत होती ती! पहिल्यानं चोच उघडली. मिटली. पुन्हा उघडली. त्याचा एवढासा गळा थरथरताना दिसत होता. तो जीव तोडून ओरडत होता आणि तिच्यापर्यंत नदीच्या खळखळीखेरीज काहीही पोचत नव्हतं.

ती रडली. दुर्बीण डोळ्यांवरून न काढता रडली, त्यामुळे काचा धुरकटल्या आणि पक्षीही दिसेनासे झाले. आर्डिथनं तिच्या दंडाला हात लावला. तो तिनं झटकला नाही.

जरा वेळानं तिनं नाक पुसलं, खिशातून आपली वही काढली आणि पेन्सिल ओली केली.

"किती?" तिनं विचारलं.

वेंडेलनं मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं. "नऊ."

व्हर्नाला दिसले होते तीन. तिनं नऊ लिहिलं.